नकारापलीकडील नाव : पॉल कर्ट्झ यांचा इहवादी मानवतावाद

१. प्रश्नाचे स्वरूप

'आस्तिक', 'नास्तिक' आणि 'दैष्टिक' हे तीन शब्द पाणिनीने एकाच सूत्रात साधले आहेत. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक आणि दैवावर ज्याची मती तो दैष्टिक. काय आहे आणि काय नाही, हे मात्र सूत्रात सांगितलेले नाही. टीकाकारांनी तेथे 'परलोक' हे पद अध्याहृत धरले. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणारास नास्तिक म्हटले. आजच्या मराठीत ईश्वराचे अस्तित्व न मानणारा तो नास्तिक होय. नकाराचा विषय याप्रमाणे परलोकापासून वेदांकडे आणि वेदांपासून ईश्वराकडे सरकला. परंतु नकार मात्र शब्दाच्या पोटात कायम राहिला.

एम. ए.च्या वर्गात ही व्युत्पत्ती सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "या शब्दाने मी काय मानीत नाही एवढेच कळते. मी काय मानते हे सांगणारा शब्द कोणता?" त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे याच प्रश्नाने आयुष्यभर झपाटलेल्या एका अमेरिकन तत्त्वज्ञाचे लेखन वाचनात आले आणि उत्तराच्या शोधाला काही दिशा मिळाली. पॉल कर्ट्झ हे त्यांचे नाव. त्यांच्या कार्याचा परिचय करून देणे आणि त्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर कितपत टिकते हे पाहणे, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी हेतू आहे.

२. जीवन

पॉल कर्ट्झ यांचा जन्म २१ डिसेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. घरातील वातावरण मुक्त विचारांचे होते. दुसऱ्या महायुद्धात ऐन तारुण्यात ते सैन्यात दाखल झाले आणि १९४४ च्या हिवाळ्यात आर्देनच्या रणक्षेत्रात झालेल्या घनघोर लढाईत सहभागी झाले. पुढे बुखेनवाल्ड आणि डाखाउ येथील छळछावण्या मुक्त झाल्या तेव्हा तेथील दृश्य त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्याच सुमारास त्यांना आणखी एक अनुभव आला. नाझींनी वेठबिगारीसाठी जर्मनीत नेलेले काही रशियन मजूर त्यांना भेटले. युद्ध संपले तरी हे मजूर सोव्हिएत रशियात परतण्यास तयार नव्हते. तरुणपणी डाव्या विचारांकडे ओढा असलेल्या कर्ट्झ यांचा साम्यवादाविषयीचा भ्रम येथे मावळला. मनुष्याच्या मुक्तीची भाषा बोलणारी सत्ताही मनुष्याला गुलाम करू शकते, ही जाणीव त्यांच्या पुढील सर्व लेखनाच्या मुळाशी आहे.

युद्धानंतर त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात शिक्षण घेतले. तेथे सिडनी हुक हे त्यांचे गुरू होते. हुक स्वतः जॉन ड्यूई यांचे शिष्य. या परंपरेतून कर्ट्झ यांना एक तत्त्व लाभले, ते असे की, विचारांची कसोटी त्यांच्या परिणामांत पाहावी, आणि जी चिकित्सक पद्धती विज्ञानात वापरली जाते तीच नीतीच्या प्रश्नांनाही लावून पाहावी. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय मूल्यमीमांसेतील समस्या हा होता. निरनिराळ्या महाविद्यालयांत अध्यापन केल्यावर १९६५ मध्ये ते न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील शाखेत रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

विद्यापीठातील आसनावर मात्र ते स्वस्थ बसले नाहीत. १९६७ ते १९७८ या काळात त्यांनी 'द ह्यूमॅनिस्ट' या नियतकालिकाचे संपादन केले. १९६९ मध्ये 'प्रोमिथियस बुक्स' ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. देवांकडील अग्नी मानवाला आणून देणाऱ्या ग्रीक पुराणपुरुषाचे नाव त्यांनी या संस्थेस का दिले असावे, हे वेगळे सांगावयास नको.

३. 'धर्म' ठरविला गेलेला मानवतावाद

कर्ट्झ यांच्या वैचारिक संघर्षाचे मर्म कळण्यासाठी अमेरिकेतील 'मानवतावाद' या शब्दाचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे.

१९३३ मध्ये अमेरिकेत मानवतावादाचा पहिला जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यावर जॉन ड्यूई यांच्यासह ३४ जणांच्या सह्या होत्या. त्यातील मानवतावाद स्वतःला 'धार्मिक' म्हणवीत होता. ईश्वर आणि चमत्कार वगळून उरणाऱ्या उदात्त भावनेलाच 'धर्म' म्हणावे, अशी स्वाक्षरीकारांची भूमिका होती. १९७३ मध्ये कर्ट्झ आणि एडविन विल्सन यांनी दुसरा जाहीरनामा तयार केला. मधल्या चाळीस वर्षांत नाझी राजवट आणि दुसरे महायुद्ध होऊन गेले होते. त्यामुळे पहिल्या जाहीरनाम्यातील आशावाद फार भाबडा होता अशी कबुली दुसऱ्याच्या प्रारंभीच देण्यात आली. आंद्रेई साखारोव्ह, फ्रान्सिस क्रिक, आयझॅक असिमोव्ह यांसारख्यांच्या सह्या त्याला लाभल्या.

दरम्यान एक लहानशी घटना घडली होती. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टॉर्कासो खटल्यात असा निर्णय दिला की, सरकारी पदासाठी ईश्वरावरील श्रद्धेची अट घालता येणार नाही. निकाल स्वातंत्र्याच्या बाजूचा होता. परंतु न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी एका तळटीपेत ईश्वर न मानणाऱ्या धर्मांची उदाहरणे देताना बौद्ध आणि ताओ मतांच्या पंक्तीस 'इहवादी मानवतावाद' हेही नाव घातले. त्या तळटीपेचा पुढे भलताच उपयोग झाला. १९७९ नंतर राजकारणात उतरलेल्या पुराणमतवादी ख्रिस्ती गटांनी असा युक्तिवाद मांडला की, इहवादी मानवतावाद हा जर धर्म असेल, तर सार्वजनिक शाळांतून बायबल वगळून जे काही शिकविले जाते ते सर्व त्या धर्माचे अध्यापन ठरते, आणि संविधानानुसार तेही निषिद्ध मानले पाहिजे.

हा युक्तिवाद कागदावरच राहिला नाही. मार्च १९८७ मध्ये अलाबामा राज्यातील एका संघीय न्यायाधीशाने तो मान्य करून ४४ पाठ्यपुस्तकांवर बंदी घातली. त्यांत इतिहासाची, समाजशास्त्राची आणि गृहशास्त्राचीही पुस्तके होती. या खटल्यात कर्ट्झ यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष झाली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरविला. तथापि एका नावाचा अर्थ कोणी व कसा ठरवावा या वादातून मुलांच्या हातची पुस्तके काढून घेतली जाऊ शकतात, हे यावरून सिद्ध झाले.

शिवी म्हणून वापरले जाणारे हे नाव कर्ट्झ यांनी त्यापूर्वीच उघडपणे स्वीकारले होते. १९८० मध्ये त्यांनी 'फ्री इन्क्वायरी' हे नियतकालिक सुरू केले आणि त्यात 'इहवादी मानवतावादाची घोषणा' प्रसिद्ध केली. मुक्त चिकित्सा, धर्मसत्ता व राज्यसत्ता यांची फारकत, स्वातंत्र्याचा आदर्श, चिकित्सक बुद्धीवर आधारलेली नीती, नैतिक शिक्षण, धर्मविषयक साशंकता, विवेक, विज्ञान व तंत्रज्ञान, उत्क्रांती आणि शिक्षण अशी दहा कलमे तीत होती. मुक्त चिकित्सेस पहिले स्थान आणि धर्मविषयक साशंकतेस सहावे, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. या घोषणेवर भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित असलेले क्वाइन यांची सही आहे. भारतातून अ. भि. शहा आणि वि. म. तारकुंडे यांनी तीवर सही केली. शहा हे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक. तारकुंडे हे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाचे अनुयायी. म्हणजे बफेलोतील या चळवळीशी महाराष्ट्राचा संबंध आरंभापासूनच जुळलेला होता.

४. नीतीचा पाया

ईश्वर नसेल तर माणसाने चांगले का वागावे, हा प्रश्न प्रत्येक मानवतावाद्यास विचारला जातो. कर्ट्झ यांचे उत्तर १९८८ च्या 'फॉरबिडन फ्रूट' या ग्रंथात विस्ताराने आले आहे.

त्यांच्या मते सर्व मानवी समाजांत काही 'सामान्य नैतिक सभ्यता' आढळतात. त्यांचे चार वर्ग त्यांनी कल्पिले आहेत : सचोटी, विश्वासार्हता, परहितबुद्धी आणि न्याय्यवृत्ती. खरे बोलणे आणि दिलेला शब्द पाळणे हे पहिल्यात येते, निष्ठा दुसऱ्यात, इतरांच्या देहास व मालमत्तेस अपाय न करणे तिसऱ्यात, कृतज्ञता, सहिष्णुता आणि सहकार्य चौथ्यात. माणसे एकत्र राहू लागली की या गुणांवाचून त्यांचा निभाव लागत नाही. म्हणून हे गुण कोणत्याही एका धर्मग्रंथापेक्षा जुने आहेत. धर्मांनी त्यांना दैवी आज्ञेचे रूप दिले, एवढेच. हे नियम निरपवाद नाहीत. सत्य बोलणे आणि अपाय टाळणे यांत विरोध उत्पन्न झाला, तर परिस्थिती व परिणाम तपासूनच निर्णय घ्यावा लागतो.

यावर असा आक्षेप येतो की, एखादी गोष्ट सर्वत्र आढळते एवढ्यावरून ती बंधनकारक कशी ठरते? आक्षेप वजनदार आहे, आणि कर्ट्झ यांनी तो पूर्णपणे निकालात काढला असे मला वाटत नाही. परंतु भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक दृष्टान्त सहज सुचतो. मराठीचे व्याकरण कोणा देवाने दिलेले नाही आणि कोणा राजाने लादलेले नाही. तरीही 'मी पुस्तक वाचला' हे वाक्य चुकीचे आहे असे आपण निःशंकपणे म्हणतो. नियम बोलणाऱ्यांच्या परस्परव्यवहारातून निपजतो, काळानुसार पालटतो आणि तरीही प्रत्येक बोलणाऱ्यावर बंधनकारक असतो. बंधन आहे म्हणून बंधन घालणारा कोणी बाहेरचा असलाच पाहिजे, हे अनुमान भाषेच्या बाबतीत खोटे ठरते. नीतीच्या बाबतीतही ते अपरिहार्य नाही, एवढे या दृष्टान्ताने दाखविता येते; त्याहून अधिक नाही. भाषेतील चुकीने कोणाचे प्राण जात नाहीत, आणि नीतीतील चुकीने जातात. म्हणून नीतीच्या नियमांची तपासणी अधिक कठोरपणे करावी लागते, आणि कर्ट्झ यांचा सर्व भर या तपासणीवरच आहे.

५. संशय आणि शोध

तपासणीची ही वृत्ती कर्ट्झ यांनी अलौकिक दाव्यांकडेही वळविली. १९७५ मध्ये 'द ह्यूमॅनिस्ट'मध्ये फलज्योतिषाविरुद्ध एक निवेदन प्रसिद्ध झाले. त्यावर १८६ वैज्ञानिकांच्या सह्या होत्या आणि त्यांत अनेक नोबेल पारितोषिकविजेते होते. विख्यात खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी मात्र सही नाकारली. फलज्योतिषावर त्यांचा विश्वास होता असे नव्हे. निवेदनाचा सूर अधिकारवाणीचा आहे, हा त्यांचा आक्षेप होता. ग्रहांच्या प्रभावाची कार्यपद्धती आपणास ठाऊक नाही एवढ्याने दावा खोटा ठरत नाही. खंडांच्या सरकण्याची यंत्रणाही एके काळी ठाऊक नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. सह्यांच्या संख्येने सत्य ठरविणे ही श्रद्धेचीच रीत झाली, हा या आक्षेपाचा मथितार्थ.

पुढील वर्षी, १९७६ मध्ये, कर्ट्झ यांच्या पुढाकाराने अलौकिक दाव्यांच्या वैज्ञानिक तपासणीसाठी एक समिती स्थापन झाली. सेगन, मार्टिन गार्डनर, जेम्स रँडी, रे हायमन यांचा तीत सहभाग होता. समितीच्या नियतकालिकाचे पहिले नाव 'झेटेटिक' असे होते. 'शोधणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते आले आहे. लौकरच ते बदलून 'स्केप्टिकल इन्क्वायरर' असे करण्यात आले. समितीची वाटचाल निष्कलंक नव्हती. मंगळाची स्थिती आणि खेळाडूंचा जन्म यांच्या कथित संबंधाची तिने केलेली तपासणी सदोष होती, असा आरोप १९८१ मध्ये तिच्याच एका माजी सदस्याने जाहीरपणे केला. तपासणाऱ्यालाही तपासावे लागते, हा धडा समितीस असा घरातूनच मिळाला.

१९९२ च्या 'द न्यू स्केप्टिसिझम' या ग्रंथात कर्ट्झ यांनी संशयाचे प्रकार वेगळे केले. काहीच जाणता येत नाही असे म्हणणारा संशय ज्ञानाचा मार्ग बंद करतो. कर्ट्झ यांना अभिप्रेत असलेला संशय हा शोधाचे साधन आहे : पुरावा मागावा, मिळाल्यास मान्य करावा, आणि नवा पुरावा आल्यास मत बदलावे. येथेही त्यांची धडपड नकारापाशी न थांबण्याचीच दिसते. तत्पूर्वी १९८६ मध्ये लिहिलेल्या 'द ट्रान्सेंडेंटल टेम्प्टेशन' या ग्रंथात त्यांनी अलौकिकाचा मोह मनुष्यस्वभावात किती खोल रुजला आहे, याचे विवेचन केले होते. जुन्या काळचे चमत्कार आणि आजच्या उडत्या तबकड्यांच्या कथा यांच्या मुळाशी एकच भूक आहे, असे ते दाखवितात. त्या भुकेची त्यांनी कुचेष्टा केलेली नाही. तिचे समाधान दुसऱ्या कशाने होऊ शकेल, हा त्यांचा प्रश्न आहे.

६. एका शब्दाची घडण

अलाबामातील निकालानंतर वर्षभरातच, १९८८ मध्ये, कर्ट्झ यांनी एक नवा शब्द घडविला. मानवतावाद हा धर्म नव्हे. परंतु केवळ तत्त्वज्ञानही नव्हे, कारण तत्त्वज्ञान आचरणावाचून राहू शकते. मग तो काय आहे? त्यांनी तीन ग्रीक घटक एकत्र केले : 'एउ' म्हणजे चांगले, 'प्राक्सिस' म्हणजे आचरण आणि 'सोफिया' म्हणजे प्रज्ञा. पहिला घटक संस्कृतातील 'सु' या उपसर्गाशी सजातीय मानला जातो. प्रथम शब्दाचे रूप 'यूप्रॅक्सोफी' असे होते, आणि १९८९ च्या ग्रंथाच्या शीर्षकात तेच आहे. या रूपात 'सोफिया'मधील आद्य सकार लोपलेला दिसतो. पुढे कर्ट्झ यांनी तो परत घालून 'यूप्रॅक्ससोफी' असे रूप केले. प्रज्ञेचा घटक शब्दात स्पष्ट दिसावा, हा त्यामागील हेतू उघड आहे.

हा शब्द रुळला नाही. कर्ट्झ यांच्या निकटवर्ती वर्तुळाबाहेर तो फारसा गेला नाही. याची भाषिक कारणे शोधता येतात. सामान्य इंग्रजी वाचकाला त्याचे घटक ओळखू येत नाहीत. सकार परत आल्यावर उच्चार आणखी जड झाला. मुख्य म्हणजे शब्दाला लोकव्यवहारात आधार देणारे जुने जोडशब्द नव्हते. टॉमस हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडविलेला 'अग्नॉस्टिक' हा शब्द याउलट तत्काळ रुजला, कारण ज्याला तो विरोध करीत होता तो 'ग्नॉस्टिक' हा शब्द विद्वानांच्या कानावरचा होता. तो शब्द पुन्हा नकाराचाच! प्रस्थापित शब्दाला नञ् जोडणे सोपे असते. स्वतंत्र अर्थाला स्वतंत्र नाव देणे कठीण असते. कर्ट्झ यांनी कठीण मार्ग पत्करला होता.

मराठीत हा शब्द कसा आणावा? 'सदाचारप्रज्ञा' असे सहज सुचते. परंतु 'सदाचार' हा धर्मशास्त्रातला पारिभाषिक शब्द आहे. श्रुती आणि स्मृती यांच्यानंतर धर्माचे प्रमाण म्हणून मनूने त्याची गणना केली आहे. आणखी खोल अडचण 'धर्म' या शब्दाची आहे. कर्ट्झ ज्याला बाजूस सारतात तो 'रिलिजन' आणि आपला 'धर्म' एकरूप नाहीत. आपल्या 'धर्म' शब्दात कर्तव्य आणि आचार यांचाही अंतर्भाव होतो. म्हणून 'धर्माविना नीती' असे म्हणताच मराठी कानाला ते वदतोव्याघातासारखे वाटते. 'सेक्युलर' या शब्दाचीही तीच गत. त्याच्या मुळाशी युग, पिढी, काळ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपण त्यासाठी 'इहवाद' हा स्थळवाचक शब्द योजला, आणि राज्यव्यवस्थेसाठी 'धर्मनिरपेक्ष' हा निराळा. एकाच परकी शब्दाच्या अशा दोन वाटा झाल्या, आणि आपल्या चर्चेतील कित्येक गैरसमज या दोहोंची सरमिसळ केल्याने उद्भवतात.

७. उपसंहार

कर्ट्झ यांच्या अखेरच्या वर्षांना विषादाची किनार आहे. १९९१ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या 'सेंटर फॉर इन्क्वायरी' या संस्थेतच पुढील पिढीशी त्यांचे मतभेद झाले. २००९ मध्ये संस्थेने पाळलेल्या 'ईश्वरनिंदा दिना'स त्यांचा विरोध होता. श्रद्धावंतांची टिंगल करणे म्हणजे चिकित्सा नव्हे, आणि मानवतावाद्याने सौजन्य सोडता कामा नये, असे त्यांचे मत होते. ईश्वरनिंदेच्या कायद्यांखाली आजही माणसांना शिक्षा होतात, तेव्हा असा दिन पाळण्यात गैर काय, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दाही निराधार नव्हता. २०१० मध्ये कर्ट्झ संस्थेतून बाहेर पडले आणि पंचाऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी विज्ञान व मानवी मूल्ये यांसाठी नवी संस्था उभारली. २० ऑक्टोबर २०१२ रोजी ॲमहर्स्ट येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा शब्द टिकला नाही. परंतु ज्यासाठी तो घडविला ती गरज खरी होती, आणि ती आपलीही आहे. सुदैवाने या बाबतीत मराठीची स्थिती इंग्रजीहून बरी आहे. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरात सुरू झालेल्या 'आजचा सुधारक'मधून 'विवेकवाद' हा शब्द साक्षेपाने मांडला. नरेंद्र दाभोलकर यांनी तो सभांतून आणि शिबिरांतून गावोगाव नेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. 'विवेक' या शब्दाच्या मुळाशी निवडणे, वेगळे करणे हा अर्थ आहे. वेदान्तात आणि संतवाङ्मयात तो शतकानुशतके रुळलेला आहे, त्यामुळे तो कानाला परका वाटत नाही. शिवाय मराठीत 'विवेकी' म्हणजे नीट विचार करणारा, आणि नीट वागणाराही. आचरण आणि प्रज्ञा ही जी जोडी कर्ट्झ यांना तीन ग्रीक शब्दांतून जुळवावी लागली, ती येथे एका जुन्या शब्दात आधीच नांदत आहे.

त्या विद्यार्थिनीस आज मी हा शब्द सुचवीन. मात्र त्याबरोबर हेही सांगेन की, नाव मिळाल्याने प्रश्न सुटत नाही. सचोटी, विश्वासार्हता, परहितबुद्धी आणि न्याय्यवृत्ती यांचा हिशेब ज्याचा त्यालाच रोज द्यावा लागतो, आणि तो तपासणारा दुसरा कोणी नाही असे मानणाऱ्यावर ही जबाबदारी अधिकच पडते.